दाबून बघणं

पोटाच्या सोनोग्राफीचा कुठलाही रिपोर्ट उघडा. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय अशी सगळ्यांची ओळीनं हजेरी घेतलेली असते. कुणाची लांबी किती, कुणात खडा आहे, कुणावर सूज आहे, सगळं मिलिमीटरमध्ये. आणि अगदी खाली, जिथून खरं तर सुरुवात व्हायला हवी होती, तिथे एक वाक्य: आतड्यांत गॅस जास्त असल्यामुळे बाकीचा भाग नीट दिसला नाही. पेशंट आलेला असतो पोट दुखतं म्हणून. पोटात सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेलं असतं आतडं. पोट दुखलं तर पहिला संशय त्याच्यावरच जायला हवा. रिपोर्टात मात्र त्याचं नाव येतं ते दुसऱ्यांच्या आड येतं म्हणून.

हे वाक्य मी नागपूरला शिकले. मुद्दाम कुणी शिकवलं असं नाही. ओपीडीच्या गर्दीत सीनियरचा हात जे लिहितो तेच आपलाही हात लिहायला लागतो. बरगड्यांखालून यकृत बघा, कुशीतून मूत्रपिंड बघा, भरलेल्या मूत्राशयातून खालचं बघा, आणि बेंबीभोवतीचा मुलूख भराभर पार करा. वाक्य खोटंही नसतं, गॅस असतोच. पण ते लिहिण्याआधी काय काय करून पाहिलं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

नवऱ्याची बदली दक्षिण पूर्व रेल्वेच्या मुख्यालयात झाली आणि आम्ही कोलकात्याला, गार्डन रीचला आलो. नागपूरच्या मोतीबागेतल्या जुन्या रेल्वेवाल्यांना हे नाव पाठ आहे. 1887 साली सुरू झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्य ऑफिस इथे हुगळीच्या काठावर होतं, 1955 पासून दक्षिण पूर्व रेल्वेचंही तिथेच. नागपूर विभागातल्या माणसाची बढती असो की बदली, आदेश ‘गार्डन रीचहून’ यायचा. 2003 मध्ये नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या झोनमध्ये गेला आणि घराघरांतून ते नाव मागे पडलं. आमच्या सासऱ्यांनी मात्र बदलीचं ऐकल्याबरोबर विचारलं, “म्हणजे डायरेक्ट हेडऑफिसात?” आपण तिथे नुसते राहायला जाणार आहोत आणि मी कुठल्याशा क्लिनिकात लोकांची पोटं बघणार आहे, हे त्यांच्या दृष्टीनं किरकोळ होतं.

रेल्वेच्या वसाहतीतून बाहेर पडलं की एकीकडे जहाजं बांधणारा कारखाना आणि गोदी, दुसरीकडे मेटियाब्रुज. अवधचा राजा वाजिद अली शाह 1856 साली राज्य गमावून इथे आला आणि 1887 मध्ये वारेपर्यंत इथेच राहिला. त्याच्यामागून आचारी आले, गवय्ये आले, शिंपी आले. आचाऱ्यांची खूण म्हणून कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटा दाखवतात. शिंप्यांची खूण दाखवावी लागत नाही. गल्लीगल्लीत शिलाई मशीन चालू असते, आणि दहा-वीस कारागिरांना काम देणाऱ्या मालक-शिंप्याला इथे उस्तागर म्हणतात. माझ्याकडे हे सगळे येतात: वेल्डर, गोदीतले हमाल, कारागीर, रेल्वे क्वार्टरमधल्या तेलुगू आणि ओडिया बायका. भाषा चार, तक्रार एक. गॅस. कुणाच्या छातीत गॅस, कुणाच्या पाठीत, एकाच्या तर गुडघ्यात गेलेला. कोलकात्यात गॅस हा आजार नाहीच, स्वभाव आहे, असं माझं मत झालं आहे. अँटासिडची बाटली उशाशी ठेवून झोपणाऱ्या या शहरात मी येऊन पडले, आणि माझ्याही रिपोर्टात गॅसच. पेशंट म्हणतो गॅस, डॉक्टर म्हणतो गॅस, मग सोनोग्राफी कशासाठी केली?

गॅसची अडचण खरी आहे, ती आधी मान्य करू. पोटावर टेकवलेल्या प्रोबमधून निघालेला ध्वनी शरीरातल्या मऊ भागांमधून सेकंदाला साधारण 1540 मीटर वेगानं जातो, हवेत तो साडेतीनशेच्याही खाली येतो. मांस आणि हवा यांची घडणच इतकी वेगळी की दोघांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. पलीकडे काही जात नाही. पडद्यावर पांढरी रेघ उमटते आणि तिच्याखाली मळकट अंधार. हवेचा एक बुडबुडा आख्खं स्वादुपिंड झाकू शकतो. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्यांच्या जगात आतड्याला वाईट नाव पडलं.

गंमत अशी की अल्ट्रासाउंड वैद्यकात आलं त्या अगदी सुरुवातीच्या काळात त्याचा एक पाय आतड्यातच होता. जॉन वाइल्ड नावाचा इंग्रज सर्जन. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा पोट फुगलेले जखमी त्याच्याकडे येत. आतडं लुळं पडलं आहे की कुठे अडकलं आहे, हे बाहेरून कळायचं नाही. भिंतीची जाडी मोजता आली तर काही सांगता येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं. युद्धानंतर तो अमेरिकेत मिनेसोटाला गेला. तिथे नौदलाकडे वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी 15 मेगाहर्ट्झचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं. ते मिळवून त्यानं पाण्यात धरलेल्या आतड्याच्या तुकड्यावर ध्वनी सोडला आणि भिंतीतले थर वेगवेगळे परत आले. 1950 मध्ये त्यानं ते छापलं. नंतर यंत्रं सुधारली, गर्भ दिसू लागला, हृदय दिसू लागलं, आणि ज्याच्यापासून वाइल्डनं सुरुवात केली होती त्या आतड्याला आम्ही अडगळीत टाकलं.

अडगळीतून त्याला बाहेर काढलं ते हेगमधल्या एका रेडिओलॉजिस्टनं. युलियन पायलार्टनं 1986 मध्ये अपेंडिक्सच्या सुजेवर लेख लिहिला. त्यातली युक्ती ऐकायला इतकी साधी की प्रबंध लिहिण्याजोगी वाटू नये: हळूहळू दाबा. गॅस आडवा येतो ना, मग तो बाजूला सारा. आतडं पोकळ आहे, मऊ आहे, दाबलं की त्यातला वारा पुढेमागे सरकतो, आणि प्रोब आतड्याच्या जितका जवळ जाईल तितकी जास्त फ्रिक्वेन्सी वापरून बारीक दिसतं. डॉक्टर पोट तपासताना हातानं जे करतात तेच, फक्त हाताला डोळा फुटलेला.

साधी गोष्ट हाताला लागायला वेळ लागतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना दाबायला सांगितलं की ती एकदम दाबतात. पेशंट कळवळतो, पोट ताठ करतो, झालं, आता पुढची दहा मिनिटं काही दिसणार नाही. पोट ताठ झालं की ते पोट नसतं, दार असतं. दाब श्वासावर द्यायचा. श्वास सोडताना पोट ढिलं पडतं, त्या वेळी थोडं खाली जायचं. पुढचा श्वास आत येताना मागे हटायचं नाही, होतो तिथेच थांबायचं. परत सोडला की आणखी थोडं. “श्वास निन... छाडुन... आस्ते छाडुन,” असं मी बंगालीत म्हणत राहते, मेटियाब्रुजच्या माणसाला “सांस छोड़िए, आराम से”, आणि स्वतःच्या नकळत प्रत्येक वेळी माझाही श्वास त्यांच्याबरोबर सुटतो. काढतानाही तसंच. सुजलेल्या पोटावरचा दाब एकदम सोडला तर दाबण्यापेक्षा जास्त दुखतं. सर्जन मुद्दाम तसं करून बघतात, मी करत नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर ते करायला लागावं, अशी वेळच येत नाही.

कुठवर दाबायचं? याला खूण आहे. उजव्या बाजूला खोल, कंबरेच्या मणक्यांपासून मांडीकडे उतरणारा सोआस स्नायू दिसायला हवा, आणि त्याच्यावर ठोके देणारी रक्तवाहिनी. ती दोन्ही दिसली म्हणजे कातडीपासून त्यांच्यापर्यंत मधे जे काही होतं ते तुम्ही दाबून बघितलं, काही सुटलं नाही. ती दिसली नाहीत तर ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ हे लिहिण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही. अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, शोधायचं; त्याच्या बुडाशी लहान आतड्याचं शेवटचं टोक सोआसवरून आडवं येऊन मिळतं; आणि तिथूनच जवळ अपेंडिक्स निघतं, एका टोकाला बंद. निरोगी अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं. सुजलेलं होत नाही. जाडी सहा मिलिमीटरच्या पुढे जाते, आत कधी खडा, त्याची काळी सावली, भोवतीची चरबी पांढरी आणि घट्ट. अंधांत्राच्या मागे दडून बसलं असेल तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, किंवा आपला डावा हात त्याच्या कमरेखाली घालून मागून वर ढकलायचं. दोन्ही हात गुंतलेले, बटण दाबायला तिसरा नाही, म्हणून मशीनचा पायानं दाबायचा पेडल ही मला या धंद्यातली सगळ्यांत मोठी सोय वाटते.

त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो यंत्रापेक्षा जास्त काम करतो. “एक आंगुल दिये देखान.” एका बोटानं दाखवा. बहुतेक माणसं आधी पूर्ण तळहात पोटावरून गोल फिरवतात, जणू काही सगळंच पोट गुन्हेगार. नाही, एक बोट. मग ते बोट घुटमळतं, जागा बदलतं, आणि कुठेतरी टेकतं. तिथे प्रोब ठेवायचा. कितीतरी वेळा आजार बरोबर त्या बोटाखाली असतो. हे खोलीत बसून रिपोर्ट बघणाऱ्याला मिळत नाही. सीटी स्कॅनची चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी पूर्ण असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ती चित्रं बघणाऱ्याला पेशंटचं बोट दिसत नाही. आणि त्या बोटाखाली अपेंडिक्सच सापडेल असंही नाही. मूत्रनलिकेत अडकलेला खडा, अंडाशयाची गाठ, मोठ्या आतड्याला लोंबणाऱ्या चरबीच्या बोंडाला पडलेला पीळ, ज्याला विश्रांतीशिवाय औषध लागत नाही. तरुण बाई असेल तर गर्भनलिकेतला गर्भ आधी नाकारायचा, बाकीचं नंतर.

एक उस्तागर आला होता. काही महिन्यांपासून उजवीकडे दुखतं, वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापतं. जिथून तिथून गॅसच्याच गोळ्या. टेबलावर आडवा पडून तो पडद्याकडे बघत राहिला. मी मोठा प्रोब ठेवून लहान, बारीक दाखवणारा प्रोब घेतला. आतड्याची भिंत त्या प्रोबखाली थरांची दिसते, एक उजळ रेघ, एक काळी, परत उजळ, परत काळी, बाहेर उजळ. निरोगी लहान आतड्यात हे सगळे थर मिळून दोन-तीन मिलिमीटर. तो म्हणाला, ये लकीरें क्या हैं? मी सांगितलं, आँत की परतें. त्यानं आपल्या कुर्त्याची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली आणि म्हणाला, “मतलब अंदर अस्तर है.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. अस्तर आणि कापड दोन्ही जागेवर आहेत का, फक्त फुगले आहेत, की सगळं एकमेकांत विरघळून एक काळा लगदा झाला आहे, यावर आमचा निम्मा निष्कर्ष असतो. लगदा झाला असेल तर कर्करोगाची भीती जास्त. थर टिकून जाड झाले असतील तर सूज.

त्याच्या लहान आतड्याचं शेवटचं टोक तिप्पट जाड झालं होतं, अंधांत्र वर ओढलं गेलं होतं, आणि आजूबाजूच्या गाठींचे गाभे काळे पडलेले. पोटाचा क्षय वाटत होता. ‘वाटत होता’ एवढंच. कारण याच जागेवर, असाच दिसणारा दुसरा आजार आहे, क्रोनचा. बरिल क्रोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये न्यूयॉर्कहून ज्या आजाराचं वर्णन केलं, तो आपल्याकडे नाहीच, अशी समजूत फार वर्षं होती. आता त्याचेही पेशंट भेटतात आणि दोघांना वेगळं काढणं हा भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या डोक्याचा कायमचा ताप आहे. चूक परवडत नाही, कारण क्षयाला क्रोन समजून स्टिरॉइड दिलं तर क्षय उसळतो. काळ्या गाभ्याच्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी दिसल्या तर पारडं क्षयाकडे झुकतं. आतड्याला सगळीकडून बिलगलेली जाड पांढरी चरबी दिसली तर क्रोनकडे. निकाल मात्र दुर्बिणीनं घेतलेल्या तुकड्याचा. उस्तागरचा तुकडा क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी सहा महिन्यांची औषधं त्यानं घेतली, आणि मधे एकदा आपणहून आला, अस्तर बघायला.

हे परत येणं मला फार मोलाचं वाटतं. क्रोनची एक कॉलेजातली मुलगी नियमानं येते. दर वेळी दुर्बीण घालायची म्हणजे पोट साफ करायची औषधं, भूल, खर्च. दर वेळी सीटी म्हणजे वाढत्या वयात किरणांचा हिशेब. माझ्याकडे ती जेल पुसून लगेच ट्यूशनला जाऊ शकते. भिंत किती जाड, त्यात रक्त किती खेळतं, एवढं बघून तिच्या डॉक्टरांना कळतं की औषध लागू पडतंय की बदलायचं. जर्मनीत, इटलीत पोटविकारतज्ज्ञ हे स्वतःच करतात, पेशंटशी बोलता बोलता, स्टेथोस्कोप लावावा तसं.

आपल्याकडे ते का रुजलं नाही याचं एक कारण माझ्या खोलीच्या भिंतीवर टांगलेलं आहे. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, अशी पाटी. इथे ती बंगालीत आहे, नागपूरला मराठीत होती. असा कायदा सगळ्यांत आधी महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. देशाचा 1994 चा, लागू 1996 पासून. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, चालवणाऱ्याची नोंदणी. मशीन या खोलीतून त्या वॉर्डात हलवायचं तरी नियम. मुलींच्या जिवासाठी हे करावं लागलं, आणि करायलाच हवं होतं. ज्या समाजानं हे यंत्र तसं वापरलं त्याला तक्रार करायचं तोंड नाही. पण त्याचा एक परिणाम असा की प्रोब रेडिओलॉजिस्टच्या खोलीत बंद राहिला. पोट तपासणारा एक, प्रोब धरणारा दुसरा, आणि दोघांच्या मधे एक चिठ्ठी, जिच्यावर लिहिलेलं असतं: ‘पोटदुखी, यूएसजी’. बस.

सीटीत आणखी एक गोष्ट नसते. हालचाल. आतडं सतत काही ना काही करत असतं. अडकलेल्या आतड्यात वरचा भाग अडीच सेंटिमीटरच्या पुढे फुगतो आणि आतलं पाणी पुढे जाऊन भिंतीवर आपटून मागे येतं, परत पुढे, परत मागे. लुळ्या पडलेल्या आतड्यात पाणी नुसतं साचून असतं. वाइल्डला लंडनमध्ये हवं होतं ते उत्तर इथे मिनिटभरात मिळतं, भिंत मोजायचीसुद्धा गरज पडत नाही. फक्त प्रोब हलवायचा नाही आणि बोलायचं नाही. मला दुसरं जास्त जड जातं.

टायफॉइडनं उजवीकडे दुखणारी मुलं पावसाळ्यात येतात. ताप, शेवटचं आतडं सुजलेलं, गाठी मोठ्या, अपेंडिक्स मात्र बारीक आणि दाबलं की चपटं. ते निरोगी अपेंडिक्स शोधून दाखवणं हे सुजलेलं दाखवण्यापेक्षा अवघड, आणि माझ्या मते जास्त कामाचं. सर्जनला फोन करून “अपेंडिक्स चांगलं आहे, मी पूर्ण बघितलं, टोकापर्यंत” असं सांगितलं की एक मूल टेबलावरून वाचतं.

पण हालचालीचं खरं नाट्य लहान बाळांत. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतचं बाळ, मधेच किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मग गळून झोपतं, परत किंचाळतं. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलेला असतो आणि आतडंच त्याला आणखी आत ढकलत असतं. जेलीसारखी लाल, रक्ताळ शी होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. प्रोब आडवा ठेवला की वर्तुळात वर्तुळ दिसतं, नेमबाजीच्या पाट्यासारखं, आणि हे एकदा बघितलेला माणूस परत कधी ओळखायला चुकत नाही. मी सकाळी ज्या हॉस्पिटलात जाते तिथे, बाळाचा जीव स्थिर असेल आणि पोटाची सूज पसरलेली नसेल तर, आम्ही ऑपरेशनच्या आधी पाण्यानं सोडवायचा प्रयत्न करतो. बाळाच्या गुदद्वारातून नळी, कोमट सलाईन, बाटली टेबलापासून मीटरभर उंच. सर्जन शेजारी उभे, थिएटर तयार. मी पडद्याकडे बघत असते. पाणी डावीकडून येतं, आडव्या आतड्यातून फिरतं, आणि गाठीला भिडतं. गाठ हटते, मागे सरकते, उजवीकडे येऊन अंधांत्राच्या तोंडाशी अडते. इथे सगळे गप्प. बाटली खाली करायची नाही, वरही फार न्यायची नाही. नर्स आईला बाहेर थांबवून आत-बाहेर करते. आणि मग एकदम तोंड उघडतं, पाणी फेसाळत लहान आतड्यात घुसतं, काळ्या पडद्यावर बुडबुडे उधळतात. सर्जन म्हणतात, “गॅलो, गॅलो!” गेलं, गेलं. पुढचे काही तास बाळाला नजरेखाली ठेवायचं, कारण गाठ परत शिरू शकते. बाळाला मात्र लगेच भूक लागलेली असते.

हे सगळं पाण्यामुळे दिसतं, हे लक्षात घ्या. हवा शत्रू असेल तर पाणी मित्र. जुलाबाच्या पेशंटचं आतडं पाण्यानं भरलेलं म्हणून कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसतं. याच शहरात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तो पाण्यानं टम्म फुगला. 1959 मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढले, नुसता त्यांचा द्रव ठेवला तरी आतडं फुगतं, म्हणजे कॉलऱ्याचं विष वेगळं असतं. मला तो प्रयोग आठवतो तो त्या फुगलेल्या वेटोळ्यामुळे. पडद्यावर कधी कधी तसंच दिसतं.

साध्या पोटदुखीत मी लोकांना पाणी प्यायला लावते, जठर भरलं की त्यामागचं स्वादुपिंड दिसतं. रमजानमध्ये हे जमत नाही. पण दिवसभराचा उपाशी पेशंट दुपारी चारला आला की पित्ताशय भरलेलं, आतडं रिकामं, गॅस कमी. जी पोटं अकरा महिने धड दिसत नाहीत ती रमजानात दिसतात. त्या दिवसांत मी दुपारची वेळ वाढवून घेते आणि इफ्तारच्या आधी सगळ्यांना मोकळं करते. अजानच्या वेळी कुणाच्या पोटावर माझा हात असू नये, एवढं बघते. दुर्गापूजेच्या आठवड्यानंतर उलटं. तेव्हा कुणाचंच काही दिसत नाही आणि मी कुणाला दोष देत नाही.

जंतही दिसतात. एका पोराच्या आतड्यात दोन समांतर रेघा, मधे एक बारीक नळी, आणि सगळं वळवळतंय. मी पडदा त्याच्याकडे फिरवला. तो घाबरेल असं वाटलं होतं. त्यानं विचारलं, नाव काय ठेवायचं? आईनं त्याला टपली मारली आणि मला म्हणाली, प्रिंट द्या, याच्या बापाला दाखवते, तो म्हणतो पोरगं शाळा चुकवायला नाटक करतं.

आता खरी अडचण सांगते, कारण गॅस ही खरी अडचण नाहीच. अडचण घड्याळाची आहे. यकृतापासून मूत्राशयापर्यंत हजेरी घ्यायला पाच-सात मिनिटं लागतात. आतडं नीट बघायचं म्हणजे दोन प्रोब, दोन कुशी, श्वासाश्वासाला दाबणं, बोट कुठे टेकतं ते पाहणं, आणि मग गप्प बसून वाट बघणं: पंचवीस मिनिटं, कधी जास्त. दर दोन्हींचा एकच, कारण रेटबोर्डावर ‘पोटाची सोनोग्राफी’ अशी एकच ओळ आहे. बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसलेली, कुणाला मूत्राशय भरून ठेवायला सांगितलेलं, तो तर रडकुंडीला आलेला. अशा वेळी ‘गॅसमुळे दिसलं नाही’ हे वाक्य किती सोयीचं असतं, हे मी समजू शकते. ते लिहिणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. पण कुणी ते गॅसच्या नावावर खपवलं तर मान्य करणार नाही.

क्लिनिकच्या मालकांशी यावर माझं बोलणं झालं. मी म्हटलं, आतड्याच्या सोनोग्राफीची वेगळी ओळ लिहा, दर वेगळा लावा, वेळ वेगळी द्या. ते म्हणाले, “दिदी, लोकांना सांगणार काय? आधीच्या सोनोग्राफीत आतडं बघत नव्हतो?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला गेला. शेवटी ठरलं ते असं: बुधवार आणि शनिवार, संध्याकाळचे शेवटचे दोन नंबर पोटदुखीवाल्यांचे, त्यांच्यामागे कुणी नाही, दर तोच. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलेलं असेल तर कुठे, केव्हापासून, ताप आहे का, वजन उतरलं का, हे चार प्रश्न काउंटरवरच्या मुलीनं विचारून मागच्या बाजूला लिहायचे. ती मुलगी हुशार निघाली. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःहून पाचवा प्रश्न वाढवला: एका बोटानं दाखवा. आता चिठ्ठीच्या मागे ती पेनानं एक पोट काढते, बेंबीला टिंब, आणि जिथे बोट टेकलं तिथे फुली.